दूरच्या दुकानाचा माल आणि घरचा पत्ता

घरबसल्या मागणी नोंदवावी, पैसे चुकते करावेत आणि परगांवच्या दुकानांतला माल आपल्या दारांत यावा, ही सोय मोबाइल फोनाबरोबर जन्मास आली असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः ती फार जुनी आहे. हिंदुस्थानच्या टपाल खात्यानें १८७७ सालीं व्हॅल्यू पेएबलची पद्धति सुरू केली. मराठी घरांतून तिला नुसतें ‘व्ही. पी.’ म्हणत. मुंबई-पुण्याच्या दुकानदारानें पुस्तक, घड्याळ किंवा औषधाची बाटली टपालानें पाठवावी, गांवच्या पोस्टमननें ती दारांत आणून द्यावी, किंमत मोजून घ्यावी, आणि ती रक्कम टपाल खात्यानेंच विक्रेत्याकडे पोंचती करावी, अशी ती व्यवस्था होती. त्याच्याही मागें गेल्यास पेढ्यांवरील हुंड्या दिसतात. शहाजोग हुंडीचे पैसे वाटेल त्या आणणाऱ्याच्या हातावर ठेवीत नसत; बाजारांत पत असलेल्या ‘शहा’च्याच हातीं ते पडत, आणि पुढें घोटाळा निघाल्यास तो शहा रक्कम परत करण्यास बांधलेला असे. जोखमी हुंडीचे पैसे तर माल सुखरूप पोंचला तरच देणें लागत.

या सर्व खटाटोपामागें दोनच काळज्या होत्या. पैसे योग्य माणसाच्या हातीं पडतील काय, आणि माल योग्य दारीं उतरेल काय? आजच्या ऑनलाइन खरेदींतही याच दोन काळज्या उरल्या आहेत. फरक एवढाच कीं, पूर्वीं या दोहोंच्या मध्यें गांवाला ओळखणारा पोस्टमन उभा असे. पाकिटावरील मजकूर अर्धवट असला तरी अमुक मास्तर शनिवार पेठेंत कोठें राहतात, हें त्यास ठाऊक असे. आज पार्सल घेऊन येणारा तरुण पुष्कळदां त्या भागांत नवा असतो. दिवसभरांत त्याला कितीतरी दारें गांठावयाचीं असतात, आणि हातांतील फोनवर जें उमटेल तेवढाच त्याचा आधार असतो. म्हणून पत्ता हा शेजाऱ्यासाठीं लिहावयाचा नसतो, परक्यासाठीं लिहावयाचा असतो. पार्सल अडकलें कीं विक्रेत्याच्या नांवानें खडे फोडण्यास आपण तत्पर असतों. पण पुष्कळ प्रसंगीं अडचणीचें मूळ आपणच लिहिलेल्या चार ओळींत सांपडतें.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तर ही खबरदारी अधिकच हवी. साताऱ्यांतील पेठांचीच गोष्ट घ्या. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, सदाशिव, भवानी हीं पेठांचीं नांवें साताऱ्यांत आहेत आणि पुण्यांतही आहेत. साताऱ्याचा गृहस्थ ‘सदाशिव पेठ’ एवढें लिहून थांबतो, कारण त्याच्या मनांत दुसरी सदाशिव पेठ नसतेच. दूरच्या गोदामांत पार्सलांची वाटणी करणाऱ्याच्या मनांत मात्र ती पेठ पुण्याचीच असते. ‘सातारा रोड’ म्हटलें कीं पुणेकरास आपल्या शहरांतील गजबजलेला रस्ता आठवतो. कोरेगांव तालुक्यांतील लोकांस त्याच नांवाचें रेल्वे स्थानक आणि त्याभोवतीं वाढलेली वस्ती आठवते. औंध हें एक पुण्याचें उपनगर, आणि एक खटाव तालुक्यांतील गांव, जें पूर्वीं औंध संस्थानची राजधानी होतें. खटाव हें तालुक्याचें नांव खरें, पण तालुक्याची कचेरी वडूजला, आणि खटाव नांवाचें गांव निराळेंच. सांगलीकडे वाळव्याचा प्रकार तसाच आहे. वाळवा हें गांव आहे आणि वाळवा हा तालुकाही आहे. पण तालुक्याचें मुख्य ठिकाण इस्लामपूर. त्या इस्लामपूरचें नांव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य सरकारनें २०२५ सालीं जाहीर केला. दुकानांच्या यादींत नवें नांव कोठें चढतें, कोठें चढत नाहीं. अशा गांवीं राहणाऱ्यानें कांहीं काळ दोन्ही नांवें लिहावींत हें शहाणपणाचें. पत्त्यांत ‘तालुका’ हा शब्द गाळूं नये, त्याचें कारण अशा जोड्यांत आहे. ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’ या आपल्या जुन्या खुणा मोठ्या विचारानें पडलेल्या होत्या. नव्या पिढीला त्या गांवंढळ वाटतात. पण यंत्राला आणि परक्याला त्यांच्याइतकें उपयोगी दुसरें कांहीं नाहीं.

गांवांच्या नांवांचा हा गोंधळ दूर करण्यासाठींच पिनकोड निघाला. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं तो अंमलांत आला, आणि त्याची योजना आंखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यांतील अधिकारी मराठी होते, संस्कृतचे पंडित व कवि होते, ही गोष्ट मराठी माणसास सहसा ठाऊक नसते. सहा आकड्यांपैकीं पहिला आकडा देशाचा विभाग दाखवितो. महाराष्ट्राच्या वांट्यास ४ आला आहे. पहिले तीन मिळून टपालाच्या वाटणीचा जिल्हा ठरतो, आणि शेवटचे तीन पार्सल ज्या टपाल कचेरींतून वांटलें जावयाचें तिचें नांव सांगतात. खासगी कुरियरवालेही हेच आकडे पाहून गाड्या भरतात.

येथें एक गैरसमज होण्याचा संभव असतो. पिनकोडावरून सरकारी जिल्हा ओळखतां येतोच असें नाहीं. सातारा शहराचा पिनकोड ४१५००१ आणि सांगलीचा ४१६४१६. यावरून साताऱ्याचे ४१५ व सांगलीचे ४१६ असा अंदाज कोणीही बांधील. पण सांगली जिल्ह्यांतील इस्लामपूरचा पिनकोड ४१५४०९ आहे, विट्याचा ४१५३११ आहे. घाट उतरून खालीं गेलें तर रत्नागिरी शहराचाही ४१५६१२ आहे. उलट सातारा जिल्ह्यांतीलच वाईचा ४१२८०३ आणि महाबळेश्वरचा ४१२८०६. म्हणजे तीं पुण्याकडच्या मालिकेंत बसलीं आहेत. टपालाची हद्द आणि कलेक्टरची हद्द एक नसते, हें त्याचें कारण. शिवाय या भागांत कलेक्टरच्या हद्दीही हललेल्या आहेत. इस्लामपूर आणि विटा पूर्वीं सातारा जिल्ह्यांतच होतीं. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्याचें नांव सांगली पडलें. तेव्हां ‘आपण तर सांगली जिल्ह्यांतले, मग ४१५ कसें?’ असें म्हणून कोणी आपला बरोबर असलेला पिनकोड ‘सुधारूं’ लागला, तर त्याचें पार्सल तेवढ्यानेंच भलत्या गाडींत बसेल. ज्या टपाल कचेरींतून घरीं टपाल येतें तिचाच पिनकोड लिहावा. पिनकोड भरतांच दुकानाच्या पानावर गांव आणि जिल्हा आपोआप उमटतात. ते एकवार वाचून पाहण्यास क्षणभरच लागतो. टपाल खात्यानें २०२५ सालीं ‘डिजिपिन’ म्हणून दहा अक्षर-आकड्यांची आणखी एक खूण काढली आहे. ती सुमारें चार मीटर लांब-रुंद चौकोनापर्यंत जागा दाखविते. शेतांतल्या वस्तीवर किंवा मळ्यांत राहणाऱ्यांस ती पुढें फार उपयोगी पडावी. मात्र तिनें जुन्या पत्त्याची गरज संपत नाहीं.

पत्ता लिहिण्याची रीत कठीण नाहीं. प्रथम घेणाऱ्याचें पूर्ण नांव, मग घराचा अथवा सदनिकेचा क्रमांक व इमारतीचें नांव, मजला, मग रस्ता व पेठ, मग जवळची खूण, मग गांव, तालुका, जिल्हा, पिनकोड. खूण मात्र आज उभी असलेली असावी. ‘जुन्या थिएटरच्या मागें’ ही खूण पन्नाशी उलटलेल्यांस पुरते. ज्याच्या जन्मापूर्वींच तें थिएटर पडलें त्या तरुणानें ती कोठें शोधावी? इंग्रजी लिपींत पत्ता भरतांना गांवाच्या व पेठेच्या नांवाचें एकच लेखन ठरवून तेंच नेहमीं वापरावें.

याहून मोठा धोका दुकानाच्या पानावर पूर्वीं साठवून ठेवलेल्या पत्त्यांत असतो. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेला महापूर आला तेव्हां सांगलीच्या सखल भागांतील किती तरी कुटुंबांस घरें सोडून नातेवाइकांकडे किंवा उंचावरील भागांत जावें लागलें. अशा वेळीं माणूस निवारा बदलतो, पण फोनांत साठविलेला पत्ता कोण बदलणार? महिन्या-दोन महिन्यांनीं मागणी नोंदवितांना बोट संवयीनें पुढें जातें आणि पार्सल बंद घराच्या दाराशीं जाऊन परत फिरतें. घर बदललें, मुलें शिक्षणास परगांवीं गेलीं, भाड्याची जागा सोडली, कीं जुना पत्ता तेथून काढून टाकावा. माल एकदां गोदामांतून निघाला म्हणजे पत्ता बदलणें बहुधा विक्रेत्याच्याही हातांत राहात नाहीं.

देणारा एक आणि घेणारा दुसरा असला म्हणजे आणखी एक पेंच पडतो. समजा, पुण्यास नोकरीवर असलेला मुलगा विश्रामबागेंत राहणाऱ्या आईसाठीं रक्तांतील साखर मोजण्याच्या पट्ट्या मागवितो. पैसे त्याचे, पत्ता आईचा, आणि संवयीनें फोन नंबर मात्र त्याचा स्वतःचा. पार्सलवाला दाराशीं येऊन फोन करतो तेव्हां मुलगा कचेरीच्या बैठकींत असतो. माल ताब्यांत देतांना सांगावयाचे आंकडेही त्याच्याच फोनवर येऊन पडतात. दोन खेपा फुकट गेल्यावर पार्सल परत रवाना होतें. पैसे कांहीं दिवसांनीं परत मिळतील. पण ज्या आठवड्यांत साखर मोजावयाची होती तो आठवडा गेला. माल ज्याच्या हातीं पडावयाचा त्याचाच फोन नंबर पत्त्याबरोबर लिहावा, आणि काय येणार आहे, पैसे भरलेले आहेत कीं द्यावयाचे आहेत, हें घरीं अगोदर कळवावें. हा निरोप दुसऱ्याही एका कारणासाठीं अवश्य आहे. कोणी मागविलेलेंच नाहीं असें पार्सल घेऊन लबाड माणसें भर दुपारीं येतात, ‘साहेबांनीं मागविलें आहे, आठशें रुपये द्या’ म्हणतात, आणि घरांतील वडील मंडळी मुलाची वस्तु म्हणून पैसे मोजून मोकळी होतात. आंत निघतात चिंध्या किंवा रद्दी. निरोप आलेला नसेल तर पार्सल घेऊं नये. खरें असल्यास तें दुसऱ्या दिवशींही येईल.

परदेशच्या व्यवहारांत पैसे देणाऱ्याचा पत्ता आणि माल घेणाऱ्याचा पत्ता यांतील भेद फारच कसोशीनें पाहिला जातो. अमेरिकेंतील पुष्कळ दुकानें कार्डधारकाच्या घराचा क्रमांक व टपालाचा आंकडा त्याच्या बँकेच्या दप्तराशीं ताडून पाहतात. न्यू जर्सींतील मुलगी साताऱ्याच्या वडिलांस तेथील दुकानांतून कांहीं पाठवीत असेल, तर बिलाच्या जागीं न्यू जर्सीचाच पत्ता हवा, बँकेंत नोंदलेला असेल तसाच. आणि माल पोंचविण्याच्या जागीं साताऱ्याचा. दोन्हीकडे साताऱ्याचा लिहिला कीं कार्ड खरें, पैसे शिल्लक, तरीही मागणी नामंजूर होते.

आतां पैशाविषयीं. पैसे न स्वीकारले जाणें आणि पैसे बुडणें या अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. घाबरलेला माणूस त्यांची गल्लत करतो. कार्ड नामंजूर झालें कीं पुष्कळांस बँकेंत कांहीं बिघडलें असें वाटतें. रिझर्व्ह बँकेनें २०२० सालीं असा दंडक घातला कीं, नवें कार्ड हातीं येतें तेव्हां ऑनलाइन आणि परदेशी व्यवहारांचीं दारें बंदच असावींत, व तीं धारकानें स्वतः उघडावींत. हें दार बँकेच्या ॲपमध्यें उघडतां येतें आणि त्यास रकमेची मर्यादाही घालतां येते. दार न उघडतां दहा वेळां ठोठावण्यांत अर्थ नाहीं.

याहून अवघड क्षण म्हणजे खात्यांतून पैसे कमी झाल्याचा संदेश यावा आणि दुकानाच्या पानावर मात्र ‘व्यवहार अयशस्वी’ असें उमटावें. अशा वेळीं लगेच दुसऱ्यांदा पैसे भरण्याचा मोह होतो. तो आवरावा. प्रथम दुकानाच्या पानावर मागणी नोंदली गेली आहे काय तें पाहावें. कधीं कधीं अर्ध्या तासानें ती आपोआप दिसूं लागते. नोंदली नसेल तर, २० सप्टेंबर २०१९ रोजीं रिझर्व्ह बँकेनें घालून दिलेल्या नियमाप्रमाणें, दुकानाला यूपीआयनें किंवा कार्डानें ऑनलाइन दिलेली अशी अडकलेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पांच दिवसांच्या आंत आपोआप खात्यांत परत यावयास हवी. त्यापुढें विलंब झाल्यास ग्राहकाला दररोज १०० रुपये भरपाई द्यावी, असेंही त्यांत म्हटलें आहे. त्यासाठीं व्यवहाराचा क्रमांक लागतो. तो संदेश पुसून टाकूं नये.

‘पिन’ या एकाच शब्दानें आपल्या घरांत दोन वस्तु ओळखल्या जातात, आणि त्यांचे स्वभाव अगदीं उलटे आहेत. टपालाचा पिन सर्वांस सांगावा, तेवढें काम सोपें. यूपीआयचा पिन कोणासही सांगूं नये. तो आपल्या खात्यांतून पैसे जातांना लागतो, पैसे येतांना कधींही लागत नाहीं. ‘तुमची रक्कम परत करतों, फक्त पिन दाबा’ असें जो म्हणतो तो रक्कम घेण्यास आलेला आहे. ओटीपीचेंही दोन प्रकार आहेत. पार्सल ताब्यांत घेतांना द्यावयाचे आंकडे दाराशीं, पार्सल डोळ्यांनीं पाहून द्यावेत. बँकेचे आंकडे कोणत्याही दाराशीं, कोणत्याही फोनवर देऊं नयेत. संदेशांत ते कशासाठीं आहेत हें लिहिलेलें असतें. एवढें वाचण्यापुरता तरी पार्सलवाला थांबेल.

पत्ता आणि पैसा या दोन काळज्यांची सांगड घालून ठकांनीं एक नवीन जाळें विणलें आहे. टपाल खात्याच्या नांवानें संदेश येतो: आपलें पार्सल गोदामांत आलें आहे, पत्ता अपुरा असल्यामुळें पोंचवितां आलें नाहीं, ४८ तासांच्या आंत सोबतच्या लिंकवर पत्ता दुरुस्त करा. लिंक उघडली कीं हुबेहूब टपाल खात्यासारखें पान दिसतें, आणि पत्ता भरल्यावर किरकोळ रक्कम मागितली जाते. रक्कम किरकोळच असते, कारण हवें असतें तें कार्डाच्या आंकड्यांचें भांडार. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानें २०२४ सालीं असा संदेश खोटा असल्याचें जाहीर केलें. ज्या घरीं खरोखरच एखादें पार्सल येणें असतें तें घर अशा वेळीं सहज फसतें. पत्ता आपणच अर्धवट लिहिला असेल, अशी मनांत शंका असते. पूर्ण पत्ता लिहिण्याचा हा एक अनपेक्षित लाभ म्हणावयाचा. पार्सल कोठें आहे हें पाहावयाचें तर ज्या ॲपवर मागणी नोंदली तेथेंच पाहावें. आलेल्या लिंकवरून जाऊं नये, आणि दुकानाचा मदतीचा फोन नंबरही इंटरनेटवर सांपडेल तो घेऊं नये, ॲपमधलाच घ्यावा. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्यापूर्वीं अडविणें हाच त्यांत उद्देश असल्यामुळें, प्रथम चार जणांचा सल्ला घेण्यांत वेळ दवडूं नये.

महाग किंवा नाजूक माल असेल तर पार्सल उघडतांनाच फोनवर चित्रण करून ठेवण्याची रीत आतां रूढ झाली आहे, आणि ती चांगली आहे. मिरजेहून सतारी व तंबोरे दूरदूर जातात. भोपळ्याला तडा जाणें हें प्रवासांतलें नित्याचें भय. तडा वाटेंत गेला कीं घरीं, याचा निवाडा त्या चित्रणाविना कसा व्हावयाचा?

तक्रारीचा प्रसंग आला तर मार्ग उपलब्ध आहे. ई-वाणिज्यासंबंधीं २०२० सालच्या नियमांप्रमाणें ऑनलाइन दुकानानें तक्रार मिळाल्याची पोंच ४८ तासांत द्यावयाची व एक महिन्याच्या आंत तिचें निवारण करावयाचें असतें. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यासाठीं १९१५ हा क्रमांक आहे. तेवढ्यानें न भागल्यास, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाण्याची मुभा दिली आहे. सांगलीच्या ग्राहकानें दिल्लीच्या विक्रेत्यासाठीं दिल्ली गांठावयास नको. आणि मोबदला पांच लाख रुपयांपर्यंत असल्यास अर्जास शुल्कही पडत नाहीं. अर्जावर मात्र विरुद्ध पक्षाचें पूर्ण नांव आणि पत्ता लागतो. तो वस्तूच्या पानावर व पावतीवर असतो, पण छोट्या विक्रेत्याचें पान एके दिवशीं नाहींसें होतें आणि पावती खोक्याबरोबर रद्दींत जाते. म्हणून मागणी नोंदवितांना आपला पत्ता तपासून झाला कीं त्याच वेळीं विक्रेत्याचाही उतरवून ठेवावा.